दारासमोरची चूप

जहाजावर सगळ्यात कठीण काय, असं मले दिग्रसमध्ये जो तो विचारते. कोणाले वाटते समुद्र, कोणाले वाटते गोऱ्या लोकांची इंग्रजी. आमच्या मावशीले वाटते तिथं भाकर भेटत नसन म्हणून पोट्टा वाळला. खरं सांगू काय? सगळ्यात कठीण होती खुर्ची.

हासू नका. आमचा बँड म्हणजे ‘डोमाजी ब्रास बँड, दिग्रस’. डोमाजी म्हणजे माझा बाप. मी सॅक्सोफोन शिकलो तो चालता चालता शिकलो. वरात असो, भीमजयंतीची मिरवणूक असो, नाहीतर निवडून आलेल्या कोणाचा हारतुरा असो, आमच्या धंद्यात बसून वाजवते कोण? पुढे बाबा, हातात पितळी मुठीची काठी. त्याच्या मागं आम्ही दोन रांगा. डावा पाय पडला की ठेका पडला. आमचा ताल पायात असते, डोक्यात नाही. अन् जहाजावर मले काळा कोट घातला, गळ्यात तो फुलपाखरासारखा टाय बांधला, खुर्चीत बसवलं, समोर नोटेशनचा कागद ठेवला अन् म्हणाले, वाजव.

पहिल्याच संध्याकाळी इज्जत गेली. डोळे कागदावर, पण पाय आपले रस्ता शोधून राह्यले. गाणं जरा रंगात आलं अन् मी कधी उठलो, मलेच समजलं नाही. कडवं संपेपर्यंत मी नाचायच्या फरशीच्या मधोमध उभा, अन् मागं वळून पाहतो तर माझ्या मागं कोणीच नाही. बाकीचे सारे आपापल्या खुर्चीत. नाचणारे म्हातारे-म्हाताऱ्या असे बाजूले सरकले, जसे पोळ्यात बैल सुटल्यावर लोक सरकतात.

आमच्या बँडचा म्होरक्या एक गोव्याचा म्हातारा होता. त्याले सारे मेस्त्री म्हणत. गोव्यात चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्याले तसं म्हणतात म्हणे. त्यानं मले पडद्यामागं बोलावलं.

“किधर जा रहे थे?”

“कुठंच नाही जी.”

“ये बारात नहीं है, बाबा. लोग इधर आराम करने आए हैं. तुम बैठो. तुम बैठेगा तो वो नाचेगा.”

मी म्हटलं, खुर्ची ठेंगणी आहे, म्हणून जमत नाही. त्यानं दुसरी खुर्ची देली. तीबी जमली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मेस्त्री शांतपणे म्हणे, “तीन महिना तुम कच्चा है. बराबर बैठा तो पक्का. नहीं बैठा तो बार्सिलोना में उतर, और घर जा.” बार्सिलोना म्हणजे स्पेनमधलं बंदर. आमचं जहाज तिथूनच निघे अन् गावोगाव फिरून तिथंच येई, म्हणजे आपला एसटीचा डेपोच.

अन् मले घरी जायचं नव्हतं. काहीही झालं असतं तरी जायचं नव्हतं. त्याचं कारण सांगतो, कारण सारी गोष्ट तीच आहे.

आमच्या बँडमध्ये एक रीत आहे. बाबाच्या बाबापासून चालत आलेली. वरात ज्या घरावरून जाते, त्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असलं, तर त्या घरापुढं वाजवायचं नाही. घर आलं की बाबा काठीचा हात वर करते. सारे जागच्या जागी बंद. नाचणारे नाचायचे थांबतात, पण नवरदेवाच्या घोड्यासंगं सारे चालत राहतात. मंग पुढच्या वळणापर्यंत नुसते जोड्यांचे आवाज. वळण आलं की हात खाली, अन् पुन्हा धडाक्यात सुरू. आम्ही त्याले ‘चूप’ म्हणतो. “पुढे एक चूप आहे बे,” असं एकमेकांले सांगून ठेवतो.

पहिले एखाद्या वरातीत एखादी चूप यायची. पण ते कापसाचे दिवस लयच वाईट होते. भाव पडला, जिनिंगचे पट्टे बंद पडले, अन् दर आठवड्याले कोणत्या ना कोणत्या गावातून कास्तकार गेल्याची बातमी यायची. लग्नं काही थांबत नाहीत, लग्नं होत राह्यली. पण मुकुटबनकडच्या एका वरातीत आम्ही वाजवलं कमी अन् चाललोच जास्त. एक चूप संपून बाबाचा हात खाली आला, की लगेच पुन्हा वर. नवरदेवाचा मामा चिडला, म्हणे वाजवायले बोलावलं का फिरायले? परत येताना गाडीत बाबा म्हणे, “पोरहो, आपन सूर नाही विकत, रीत विकतो.” मले तेव्हा बाबाचा भल्ला अभिमान वाटला होता.

मंग चूप आमच्याच घरात आली.

माझी मोठी बहीण दीपाताई. तिचा नवरा इंद्रजित आमच्याच बँडमध्ये साइडड्रम वाजवायचा, अन् सीझनमध्ये जिनिंगवर जायचा. असा हसरा माणूस की मयतीतबी त्याच्याकडं पाह्यलं तर हासू यायचं. कापसाच्या मॅटॅडोरवर वर बसून येत होता, दारव्हा रस्त्यावर गाडी उलटली. ताई सव्वीस वर्षांची होती. तिचं सासर दिग्रसमध्येच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, विहाराच्या रस्त्यावर कडुनिंबापाशी. आता आमची कोणतीही मिरवणूक निघाली की त्या कडुनिंबावरूनच जाते. दुसरा रस्ताच नाही.

पहिलं वर्ष ठीक होतं, रीतच होती. कडुनिंब आला की बाबाचा हात वर. पण वर्ष झालं, विहारात वर्षाचं पुण्यानुमोदन झालं, तरी हात वरच. दुसरं वर्ष गेलं, तरी वरच. कोणी बाबाले बोललं नाही. कोण बोलन? स्वतःची पोरगी आहे. अन् दर वेळी असं व्हायचं, की आम्ही दुरून वाजवत यायचो, तेव्हा ताई दारात उभी दिसायची. बाबाचा हात वर गेला, आवाज तुटला, की ती मागं सरायची अन् दार लावून घ्यायची. खट्. त्या शांततेत ती कडी अशी वाजे की साऱ्या रांगेले ऐकू येई. मी पहिल्या रांगेत, गळ्यात सॅक्सोफोन, अन् माझ्या बहिणीच्या दारावरून मी चोरासारखा मुकाट चालत जायचो. आम्हाले वाटे, तिले सहन होत नाही. इंद्रजितची आठवण येत असन.

ताई पहिले अशी नव्हती. वाजवताना माझा एक सूर हुकला तर घरातून ओरडायची, “अतुल्या, सर्दी झाली काय रे बाजाले?” इंद्रजित गेल्यापासून तिनं मले एकदाबी चिडवलं नाही. जेवायले गेलं की वाढायची, गप बसायची. आम्हीबी गप बसायचो. काय बोलावं?

यवतमाळचे वामन सर पोलीस बँडमधून रिटायर झालेले. त्यांनी मले नोटेशन वाचायले शिकवलं होतं. दर रविवारी बसनं जायचो. एकदा त्यांनी सांगितलं, मुंबईत जहाजावरच्या बँडसाठी माणसं घेऊन राह्यले, जातोस काय? मी विचारच नाही केला. मुंबईत वाजवून दाखवलं तेबी नशिबानं उभ्यानंच. बाबाले वाटलं, पोरगं नाव काढायले चाललं. मले ठाऊक होतं मी कायले चाललो ते. कडुनिंबापासून दूर.

म्हणून मी त्या खुर्चीले चिकटलो. सांगतो कसं. सकाळी हॉल रिकामा असे. तिथं जाऊन एकटा बसायचो अन् जोड्यात पायाचा अंगठा दाबून धरायचो. पाय तसाच, पण ताल अंगठ्यात. आधी अंगठा सुजला. मंग जमायले लागलं. दुसरी भानगड अशी की जहाज डोलते. आम्ही उजवीकडं झुकलो की गाणंबी उजवीकडं झुकल्यासारखं वाटे. तिसरी भानगड आवाजाची. आमच्या बँडचा आवाज तीन गल्ल्यांपलीकडं जायले पाह्यजे, नाहीतर पुढची सुपारी भेटत नाही. अन् इथं मेस्त्री ओठावर बोट ठेवून म्हणे, “धीरे, बाबा, चम्मच का आवाज सुनाई देना मंगता.” चमचे ऐकू यायले पाह्यजे म्हणे! म्हटलं, मंग चमचेच वाजवू काय?

पण सवय झाली. पळसाले पानं तीनच, कुठंही जा. खाली खलाशांच्या खानावळीत रोज भात भेटे. एक आंध्राचा स्वयंपाकी होता, त्याले मिरच्यांचा ठेचा शिकवला, तर तो मले दिसला की हात जोडायचा. खोलीत खिडकी नव्हती, पाण्याच्या पातळीखाली होती ती. वरच्या पलंगावरचा फिलिपिन्सचा गिटारवाला असा घोरायचा की मले आमच्या गावची पिठाची गिरणी आठवायची. हळूहळू मेस्त्रीच्या कपाळावरच्या आठ्या कमी झाल्या. एक दिवस म्हणे, “आज तुम उठा नहीं. शाबास.” मले असा आनंद झाला की मी उठलोच.

त्या फेरीत एक म्हातारा-म्हातारी होते, इंग्लंडचे. रोज संध्याकाळी पुढच्याच टेबलावर. म्हातारा मोठा मस्तीखोर. निळा कोट, हातात काठी. रोज एकच वॉल्ट्झ मागायचा, अन् आम्ही वाजवायले लागलो की टेबलावर हातानं ठेका धरायचा. ठेका निव्वळ चुकीचा! एक मात्रा पुढं नाहीतर एक मात्रा मागं. म्हातारी हासून त्याचा हात दाबून धरायची, तो दुसऱ्या हातानं वाजवायचा. मंग दोघं उठून जरासं नाचत. मले पाहून डोळा मारायचा. त्या फेरीच्या पहिल्या दिवशी मी पुन्हा भान सुटून उठलो अन् त्याच्याच अंगावर वाजवत वाजवत चालून गेलतो, ते त्याले भल्ला आवडलं होतं.

एक दिवस दोघं आले नाहीत. सकाळी समजलं, म्हातारा गेला. छातीत कळ आली अन् डॉक्टरच्या खोलीत नेईपर्यंत संपला. जहाजावर असं होत राहते, म्हाताऱ्यांची जत्राच ती. पण कोणी बोलत नाही. माणसाले खाली थंड खोलीत ठेवतात, अन् वर सारं जसंच्या तसं सुरू. बाईले मधल्या बंदरावर उतरून विमानानं जायची सोय करून देत होते. ती नाही म्हणे. म्हणे तो खाली एकटा आहे, कोणाच्या भरवशावर सोडू त्याले? बार्सिलोनापर्यंत सोबतच जाईन.

त्याच संध्याकाळी आम्ही वाजवत होतो, चांगलं जोरदार, लोकं नाचत होते. अन् ती दारातून आत आली. अंगात नेहमीचा स्वेटर. एकटी. हॉलमधून आपल्या टेबलाकडं चालत निघाली.

मी विचार केला नाही, शपथेनं सांगतो. माझ्या तोंडातून बाजा सुटला अन् माझा उजवा हात वर गेला. बाबासारखा. काठी नव्हती एवढंच. ड्रमवाल्याले वाटलं काहीतरी इशारा आहे, तो थांबला. तो थांबला म्हणून गिटार थांबली. पियानोवर मेस्त्री होता, त्याची बोटं दोन सूर एकटीच चालली अन् तीबी थांबली. नाचणारे थांबले. साऱ्या हॉलमध्ये निरा चूप. अन् साऱ्यांच्या माना वळल्या, अन् मधोमध ती म्हातारी उभी.

ती जागीच थबकली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग पाठ फिरवून आल्या पावली निघून गेली. काचेचं दार तिच्या मागं बंद झालं. खट्.

मेस्त्री ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणे, “मेरे बँड में गाना कभी बीच में नहीं मरा. तूफान में भी नहीं. बार्सिलोना में सामान लेके उतर जाना.”

“मेस्त्री, आमच्याकडं रीत आहे. ज्याच्या घरचं माणूस गेलं...”

“तेरा घर नहीं है ये.”

संपलं. खोलीत येऊन पडलो. वरचा घोरून राह्यला होता अन् माझ्या डोळ्यांपुढं कडुनिंब. एवढ्या मेहनतीनं खुर्ची शिकलो अन् शेवटी जायचं कुठं, तर पुन्हा त्याच गल्लीत, त्याच रांगेत. रडू आलं मले. पण एक सांगतो, माझं चुकलं असं मले तेव्हा वाटतच नव्हतं. मले वाटे, ह्या लोकांले माणुसकी नाही अन् आमच्या दिग्रसले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं हॉलमध्ये गेलो. आता खुर्चीचा काय उपयोग होता? वरातीमागून घोडं. तरी बसलो. अंगठा दाबला. तेवढ्यात दार उघडलं अन् ती म्हातारी आली. सरळ माझ्यापाशी येऊन समोरची खुर्ची ओढून बसली. मी उठून उभा राह्यलो. मले वाटलं, आता ही दोन शब्द चांगले बोलन, धन्यवाद म्हणन. मी मनात इंग्रजी जुळवून राह्यलो होतो.

ती म्हणे, “तुम्ही काल का थांबलात?”

आवाजात राग होता. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण ती सावकाश बोलायची, मले समजे. मी सांगितलं सारं. आमची रीत, बाबाचा हात, घर, वळण. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“त्या घरातल्या बाईला कोणी विचारतं का?”

“काय विचारायचं?”

“वाजवायचं की नाही ते.”

असं कोणी विचारते काय? विचारायची गोष्ट आहे काय ती?

ती म्हणे, “माझा नवरा कुठंही गेला की गोंगाट करायचा. लग्नात, चर्चमध्ये, दवाखान्यातसुद्धा. त्या गोंगाटात मी जन्म काढला. तो गेल्यापासून मी जिथं जाते तिथं लोक बोलायचे थांबतात. जेवायला गेले, चमचे थांबले. लिफ्टमध्ये शिरले, लोक खाली पाहायला लागले. मला वाटलं, एक जागा आहे जिथं आवाज असेल. म्हणून मी इथं आले. आणि तू हात वर केलास.”

तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. रागातच होती. मी तिच्याकडं पाहत होतो अन् मले दिसून राह्यली दीपाताई. दारात उभी. आम्ही दुरून वाजवत येऊन राह्यलो अन् ती दारात येऊन उभी. अबे, ती दारात येतच कायले होती? जिले बाजा सहन होत नाही ती दारात येऊन उभी राहीन काय? अन् दार लागायचं कधी? आम्ही वाजवत असताना नाही. आम्ही थांबल्यावर. तीन वर्षं मी ती कडी ऐकली अन् एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नाही. भैताड कुठला!

मी म्हटलं, “माय, माफ करा.” माय शब्द तिले काय समजणार, पण समजला असन. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“संध्याकाळी येते,” म्हणे. “आमचं गाणं वाजव. आणि त्या दिवशीसारखं चालत ये.”

मेस्त्रीले तिनं काय सांगितलं ते मले माहीत नाही. संध्याकाळी तो मले एवढंच म्हणे, “मॅडम आएगी. मैं देखता है तुम क्या करता है.” चुकलो तर बार्सिलोना होतंच, अन् न चुकलो तरी होतंच असं मी धरून चाललो होतो.

ती आली. लोकांच्या माना खाली गेल्या, बोलणं बंद झालं. तिनं सांगितलं होतं अगदी तसंच. मेस्त्रीनं पियानोवर वॉल्ट्झ सुरू केला. मी अंगठा सोडला. उठलो. डावा पाय टाकला अन् वाजवत निघालो, टेबलांमधून, दिग्रसच्या आवाजात, चमचे गेले खड्ड्यात! तिच्या टेबलाभोवती फिरलो. तिच्या समोर उभं राहून तो पूर्ण अंतरा तिच्या तोंडावर वाजवला. ती हलली नाही. मंग तिनं हात उचलला अन् टेबलावर थाप मारली. एक मात्रा मागं. पुन्हा मारली, पुन्हा चुकीची. तो म्हातारा मारायचा तशीच. रडत होती, हासत होती अन् चुकीचा ठेका देत होती. शेजारच्या टेबलावरच्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं उठून तिच्यापुढं हात केला. ती उठली, नाचली. मी मागं मागं चालत आपल्या खुर्चीपर्यंत आलो, पण बसलो नाही. बसवलंच नाही मले.

शेवटी सामान आवरताना मेस्त्री आपल्या कागदांची चळत लावत होता. माझ्याकडं न पाहता म्हणे, “कल टाइम पे आना. और कुर्सी पे बैठना.”

मले वाटते, एवढं गोड वाक्य मले आजवर कोणी बोललं नाही.

बार्सिलोनाले उतरलो, पण फोन करायले. बाबानं सुपाऱ्या घेण्यासाठी मोबाइल घेतला होता. जयभीम झाला, तब्येत-पाणी झालं. भीमजयंती जवळ आली होती, बँडची तयारी सुरू होती.

मी म्हटलं, “बाबा, यंदा कडुनिंबापाशी थांबू नका. वाजवा.”





“तू तिथं जाऊन दारू पिऊन राह्यला काय बे?”

“नाही जी. ताईच्या दारापुढं वाजवा म्हणतो.”

“लोक थुकतीन माह्या तोंडावर. पोरीच्या दुःखापुढं बापानं बाजा वाजवला म्हनतीन.”

“तुम्ही ताईले विचारलं काय कधी?”

“इचारायची गोस्ट हाये काय ते? मले दिसत नाही काय? आपन गेलो की दार लावून घेते पोरगी.”

“आपण गेलो की नाही लावत बाबा. आपण चूप झालो की लावते.”

फोन बंद झाला. बाबानं कापला की कार्ड संपलं, देव जाणे. मी पुन्हा लावला नाही. डोमाजीले समजावणं म्हणजे रेड्याची धार काढणं. वाटलं, आपलं काम आपण केलं.

चौदा एप्रिलले आमचं जहाज पुन्हा बार्सिलोनात होतं. तिथं दुपारचं ऊन होतं, म्हणजे दिग्रसमध्ये मिरवणूक निघायची वेळ. माझ्यानं राहवलं नाही. बंदरावरच्या फोनमधून बाबाचा नंबर लावला. म्हटलं, वाजवताना बाबा काय उचलन, पण खिशात वाजला तर समजन तरी त्याले, पोरगं आठवण करून राह्यलं म्हणून.

उचलला. “हॅलो,” बाईचा आवाज.

“कोण? ताई?”

“हाव. बाबा फोन माह्यापाशी ठेवून गेला. म्हने अतुलचा येईन.”

तीच बोलली, “सकाळी आलता बाबा. दारात उभा. आत ये म्हटलं तर येत नाही. टोपी हातात घेऊन नुसता फिरवत होता. मंग म्हने, ‘पोरी, संध्याकाळी वाजवू काय इथं?’ अन् रडाले लागला.”

“मंग तू काय म्हटलं?”

“काय म्हनन? म्हटलं, तीन वर्स झाले, कोनीतरी इचारन म्हनून वाट पाहून राह्यली होती. तुमाले वाटे मले बाजा सहन होत नाही. बाजावाल्याची बायको मी! माह्या दारापुढंच तुमी मेल्यावानी चालत जात होते, जसा तो या घरात कधी नव्हताच.”

तिकडून मिरवणुकीचा आवाज येऊन राह्यला होता. दूरचा, पण मी ओळखतो ना. ढोल, ताशा, मंग पितळ. जवळ येत होता. विहाराचं वळण गेलं असन, किराणा दुकान गेलं असन. आता कडुनिंब. मी फोन कानाले असा दाबून धरला की कान दुखायले लागला. तिथंच बाबाचा हात वर जाते. मी वाट पाहत होतो, आता तुटते, आता तुटते.

तुटला नाही. अंगावर आला आवाज. साराच्या सारा, ढोलासकट. फोनमध्ये नुसती खरखर झाली एवढा मोठा. अन् त्याच्या मागून ठक, ठक, ठक. पहिले मले समजलं नाही. मंग समजलं. ताई दाराच्या फळीवर हातानं ठेका धरून राह्यली होती. ज्या दाराची कडी ऐकून मी देश सोडला, त्याच दारावर. अन् ठेका बरोबर होता, इंद्रजितची बायको ती, चुकन कशी?

“अतुल्या!” ती ओरडली, त्या गोंगाटातून. “तुझ्या जागी तो उत्तमसिंग आहे न, भल्लाच बेसूर वाजवून राह्यला रे! सर्दी झाली त्याच्या बाजाले!”

अन् हासली. तीन वर्षांनी हासली माझी बहीण. मी स्पेनमधल्या त्या बंदरावर, काळा कोट घालून, फोनले धरून उभा.

“हॅलो? अतुल्या? आयकून राह्यला न?” ती म्हणे. “आता तू काहून चूप झाला?”